यादी झाली, पण ठरवलं काय?

तुळशीचं लग्न लागलं, की आमच्या रत्नागिरीत बायकांच्या गप्पांचा विषय बदलतो. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, कोणाला मे महिन्यातली तारीख मिळाली, कोणाचा हॉल हुकला! इथली लग्नं सुरू होतात ती मृगाचा पाऊस दारात येईपर्यंत चालतात. त्यातही मे महिना म्हणजे कळसच. मुंबईचे चाकरमानी सुट्टीवर आलेले, शाळा बंद, आंबा ऐन भरात. मग एकाच दिवशी तीन-तीन आमंत्रणं. एका ठिकाणी अक्षता टाकायच्या, दुसरीकडे जेवायचं आणि संध्याकाळी तिसरीकडे रिसेप्शनला तोंड दाखवायचं. हे सगळं हौसेचं आहे, हवंहवंसंही आहे. पण समाजकार्याच्या निमित्ताने वाड्यावाड्यांतून फिरताना एक गोष्ट मला सतत खटकते. आपण लग्नाची तयारी भरपूर करतो, पण लग्नाचं काही ठरवत मात्र नाही.

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? ठरवत नाही कसं? सुपारी फुटल्या दिवसापासून आमच्या घरात वही उघडलेली असते! अगदी खरं. वही असते आणि वहीत याद्या असतात. पाहुण्यांची यादी, साड्यांची यादी, वाण्याची यादी, रुखवताची यादी, मानपानाची यादी. 'यादी पे शादी' हा शब्दच मुळी आपल्याकडे रूढ झाला आहे. पण यादी म्हणजे 'काय काय आणायचं' याचं उत्तर. 'कशासाठी आणि किती' याचं उत्तर यादीत नसतं. ते आधी ठरवावं लागतं. त्यालाच उद्दिष्ट म्हणायचं. उद्दिष्टाशिवाय केलेली यादी ही पावसाळ्यातल्या वेलीसारखी असते. मांडव मिळेल तिथे ती चढत जाते.

बचतगटाच्या प्रशिक्षणात बायकांना एक साधी गोष्ट शिकवली जाते. 'धंदा वाढवायचा' हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. 'गणपतीपर्यंत कोकम सरबताच्या दोनशे बाटल्या विकायच्या' हे उद्दिष्ट. ते नेमकं आहे, मोजता येतं, आपल्याला झेपणारं आहे आणि त्याला मुदत आहे. एवढ्या चार चाळण्यांतून जे खाली उतरतं ते खरं उद्दिष्ट. सातवी-आठवी शिकलेल्या माझ्या गटातल्या बायकांना हे पटकन कळतं. त्याच बाईच्या घरी लग्न निघालं, की मात्र या चारही चाळण्या माळ्यावर जातात. 'लग्न कसं करणार?' असं विचारलं, तर उत्तर येतं, 'साधेपणानंच करायचंय हो ताई, पण चारचौघांत बरं दिसेल असं!' आता मला सांगा, 'साधेपणानं' म्हणजे किती? आणि 'बरं दिसेल' म्हणजे कोणाच्या डोळ्यांना?

'साधेपणानं करायचंय' ही इच्छा आहे. 'दोनशे पानं, एक दिवस, दोन्ही घरांचा निम्मा निम्मा खर्च आणि एक रुपयाही कर्ज नाही' हे उद्दिष्ट आहे. पहिल्या वाक्याला कोणीही कसंही वाकवू शकतं. दुसऱ्याला वाकवायचं म्हटलं, तर आधी घरात चर्चा करावी लागते. नेमक्या आकड्याचा हाच तर फायदा आहे.

पण या चार चाळण्यांच्या आधी मी एक पाचवी चाळण लावते. हे उद्दिष्ट कोणाचं? लग्न मुलीचं आणि मुलाचं असतं, पण ठरवणारे बहुतेक वेळा काका, मामा, आत्याचे यजमान आणि मुंबईहून फोनवर बोलणारे मोठे भाऊ असतात. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि परत आत जाते. माझं स्पष्ट मत आहे, बैठकीच्या आधी मुला-मुलीला समोरासमोर बसवून एकच प्रश्न विचारावा. 'लग्नानंतर वर्षभराने तुम्हाला कुठे असायला हवं आहे?' उत्तर येईल, मला नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं करायचंय. मला रत्नागिरीतच नोकरी टिकवायचीय. आम्हाला भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचंय. ही खरी उद्दिष्टं! मांडवाचा रंग, केकचे मजले आणि भाट्ये किंवा आरे-वारेच्या किनाऱ्यावरचं प्री-वेडिंग शूटिंग यांचा नंबर त्यानंतर.

आता पैशाचा हिशेब. बायका हिशेबात कच्च्या असतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गटाचं हजेरीबुक नि पासबुक पाहावं. हा हिशेबही आपणच करू. समजा, जेवणाचं एक पान अडीचशे रुपयांना पडतं. पाचशे पानांचे झाले सव्वा लाख. दोनशे पानांचे पन्नास हजार. म्हणजे फक्त पाहुण्यांच्या यादीवर नेमका आकडा टाकला, तर पंचाहत्तर हजार वाचतात. एवढ्यात मुलीच्या एखाद्या कोर्सची फी निघते. शिवाय पाचशे पानांना हॉल मोठा लागतो, खुर्च्या जास्त लागतात, आमंत्रणपत्रिका जास्त लागतात, परत आहेर द्यायचा असेल तर तोही वाढतो. एका आकड्याला बाकी सगळे आकडे बांधलेले असतात. म्हणून आधी पानं ठरवायची आणि मग बाकीचं.

कर्जाचंही तसंच. तीन लाखांचं कर्ज पंधरा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण सात हजार शंभर रुपये पडतो आणि पाच वर्षांत आपण सव्वाचार लाखांहून अधिक परत करतो. म्हणजे सव्वा लाखाहून जास्त रक्कम नुसती व्याजाची! दोन दिवसांच्या हौसेचे हप्ते साठ महिने भरायचे. लेकीचं पहिलं मूल बालवाडीत जायला लागतं, तरी तिच्या लग्नाच्या मांडवाचे पैसे फिटायचे असतात. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच नाही केली. त्यात २०२५ मध्ये सोन्याने तोळ्यामागे लाखाचा आकडा ओलांडला. पूर्वी 'पाच तोळे घालू' हे वाक्य सहज तोंडातून निघून जायचं. आज ते वाक्य म्हणजे पाच लाखांवरचा व्यवहार आहे. बैठकीत बोलण्याआधी जीभ थांबायला हवी.

तयारीला वेळ असेल, तर त्याचं सोनं करता येतं. दर महिन्याला तीन हजार रुपये पोस्टाच्या आरडीत टाकले, तर पाच वर्षांत मुद्दलच एक लाख ऐंशी हजार होतं, वर व्याज वेगळं. मुलगी लहान असेल, तर २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावाने हे खातं उघडता येतं. बऱ्याच आया 'लग्नाला होतील' म्हणून त्यात पैसे टाकतात. पण या खात्यातली निम्मी रक्कम मुलीच्या उच्च शिक्षणासाठी काढायची सोय आहे, हे किती जणींना ठाऊक असतं? पैसे तेच, खातं तेच. उद्दिष्ट बदललं, की मुलीचं आयुष्य बदलतं.

'ताई, मुलगी एकदाच जाते हो!' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. त्यामागची माया मला कळते. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पंगतीला जेवून आलेलो आपण, आपल्या पंगतीला त्यांना बोलवायला नको? वाडीतली माणसं अडीअडचणीला धावून येतात, त्यांना कसं वगळायचं? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर 'कोणालाच बोलवू नका' असं नाही. कोकणातल्या वाडीतलं लग्न हे वाडीचं असायचं. मांडवाला माणसं यायची, बायका तांदूळ निवडायला बसायच्या, भांडी मंडळाची असायची. काळ्या वाटाण्याची आमटी, भात आणि वर एखादं गोड, एवढ्यावर सगळा गाव तृप्त व्हायचा. त्यात माणसं भरपूर होती, खर्च बेताचा होता, कारण श्रम वाटून घेतलेले होते. आता आपण माणसं तेवढीच ठेवली, श्रम मात्र विकत घेतले आणि त्यावर डीजे, ड्रोन, हळदीचा वेगळा इव्हेंट, संगीताचा वेगळा इव्हेंट अशी भर घातली. म्हणूनच म्हणते, वाडीला जरूर बोलवा. हळदीला साधं जेवण घालून बोलवा. पण मग मुहूर्ताच्या दिवशी तीच माणसं, शिवाय रिसेप्शनला पुन्हा तीच, असं तिहेरी कशाला?

मांडववाले, आचारी, वाजंत्री, फुलवाले यांची पोटं लग्नसराईवर चालतात, याची मला जाणीव आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका लग्नातल्या पोळ्या लाटून संसाराला हातभार लावतात. खर्चच करू नये असं माझं म्हणणंच नाही. खर्च आपल्या अंथरुणात बसावा आणि कोणाला तरी दाखवण्यासाठी नव्हे, आपल्याला हवा म्हणून व्हावा, इतकंच.

आपल्याच जिल्ह्यातली दोन लग्नं मला या बाबतीत आठवतात. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. पहिली पत्नी वारल्यावर कुमारिकेशी लग्न करणं त्यांना सहज शक्य होतं. पण पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असं त्यांचं ठरलेलं होतं. गावाने बहिष्कार घातला, तरी ठरलेलं ढळलं नाही. त्या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, बाया कर्वे. त्या लग्नाला किती पानं उठली हे कोणाला आठवत नाही, ते लग्न कशासाठी झालं हे मात्र सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी महाराष्ट्र विसरलेला नाही. दुसरं लग्न दापोलीजवळच्या वणंदच्या लेकीचं, माता रमाबाईंचं. बाबासाहेब आंबेडकरांशी त्यांचं लग्न मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, बाजार बंद झाल्यावर रात्री लागलं. तो काळ बालविवाहांचा होता, त्याचं समर्थन आज कोणी करणार नाही. पण हॉल नव्हता, रोषणाई नव्हती, म्हणून त्या संसाराचं मोल तसूभर तरी कमी झालं का?

त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिला सत्यशोधक विवाह लावला. सावित्रीबाईंनी त्यासाठी स्वतः पुढाकार घेतला. भटजी नाही, हुंडा नाही, वधू-वरांनी एकमेकांना शपथ द्यायची. त्यांच्यापुढे नेमकं उद्दिष्ट होतं म्हणून ते लग्न कमी खर्चात आणि मानाने पार पडलं. साधं लग्न हे गरिबीचं लक्षण आहे, असं जे आज आपल्या मनात बसलं आहे, ते या मंडळींच्या मनात नव्हतं. त्यांच्यासाठी साधेपणा ही ताठ मानेने केलेली निवड होती.

आणि याच्या उलट काय होतं, तेही पाहू. २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या तरुण मुलीने आपल्या लग्नाच्या खर्चाचा भार बापावर पडू नये म्हणून आयुष्य संपवलं. २०२५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात थाटामाटाने लग्न करून दिलेल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाच्या आचारसंहितेची चर्चा झाली, पाहुण्यांची संख्या मर्यादित ठेवा, डीजे नको, दिखावा नको, असं उघडपणे बोललं गेलं. चांगलंच झालं. पण मला वाटतं, समाजाने नियम करेपर्यंत आपण वाट कशाला पाहायची? आपल्या घराची आचारसंहिता आपल्या स्वयंपाकघरातच ठरू शकते.

देण्याघेण्याचा विषय तर फार नाजूक. आमच्याकडे कोकणात हुंडा नसतो, असं आपण अभिमानाने सांगतो. तसा तो पुष्कळ घरांत उघड मागितला जात नाही, हेही खरं. पण 'तुमच्या मुलीला तुम्ही काय ते घाला, आमचं काही म्हणणं नाही' या वाक्यात किती म्हणणं दडलेलं असतं, ते मुलीच्या आईलाच कळतं! १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा घेणं हा जसा गुन्हा आहे तसं देणं हाही गुन्हा आहे आणि त्याला किमान पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. याच कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांत एक यादी सांगितली आहे, ती मात्र आपण कधीच करत नाही! न मागता, हौसेने दिलेल्या भेटवस्तूंची ती यादी. कोणी काय दिलं, त्याची अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचं नातं काय, हे लिहून वधू-वरांनी त्यावर सह्या करायच्या. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवायची. पुढे संसारात काही विपरीत झालं, तर आपलं स्त्रीधन कोणतं हे सिद्ध करताना याच कागदाचा आधार होतो. पन्नास याद्या करणाऱ्या आपल्या घरांत ही एक्कावन्नावी यादी व्हायलाच हवी.

आणखी एक गोष्ट फार कमी बोलली जाते. मोठं लग्न करून दिलं, की पुढे त्याची वसुली होते ती सातबाऱ्यावर! वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद करायची वेळ आली, की भाऊ म्हणतात, 'ताई, तुझ्या लग्नात केलं की एवढं. आता हक्कसोडपत्रावर सही कर.' ताई माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून सही करते. मी अशा कितीतरी बहिणींना सही करून येताना पाहिलं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो हक्क जन्माने मिळतो, हे पुन्हा स्पष्ट केलं. तो हक्क आणि लग्नाचा खर्च यांचा काडीचाही संबंध नाही. आंब्याच्या चार कलमांची किंमत डीजेच्या एका रात्रीत वळती करून घेणं, याला माया म्हणत नाहीत. म्हणून लग्न ठरवतानाच मुलीने विचारावं आणि आईने तिच्या बाजूने बोलावं. 'माझ्या लग्नाचा खर्च कमी करा, पण उद्या तो माझ्या हिश्श्यापुढे मांडू नका.'

आता मला जिव्हाळ्याच्या वाटणाऱ्या उद्दिष्टाकडे येते. त्याला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. मांडवात आई कुठे उभी राहणार? वडील नसलेल्या मुलीच्या लग्नात, जिने शिवणकाम करून, मासळी विकून, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून मुलीला वाढवलं, ती आई हळदीच्या वेळी मागच्या पडवीत भांडी मोजत बसलेली मी पाहिली आहे. कन्यादानाला काका-काकू बसतात. ओटी भरायला आत्या पुढे होते. आई लांबूनच अक्षता टाकते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हा कित्ता गिरवावा, असं सांगितलं. ठराव कागदावर होतात, ते खरे ठरतात मांडवात! आपल्या घरच्या लग्नात 'पहिली हळद आई लावेल' एवढं एक उद्दिष्ट आधीच ठरवा. आधी ठरवा असं मुद्दाम म्हणते, कारण ऐनवेळी कोणीतरी 'अगो, कशाला अपशकुन?' म्हणतं आणि सगळे गप्प बसतात. भटजींना, सासरच्या मंडळींना, मोठ्या आत्यांना महिनाभर आधी शांतपणे सांगून ठेवलं, तर बहुतेक जण ऐकतात. एका घरात हे झालं, तेव्हा सगळ्यात आधी डोळे पुसले ते वराच्या आजीने.

आणि घरातल्या इतर बायका? लग्नघरात पंगत शेवटची कोणाची असते, सांगा पाहू? वहिनी, काकू, मोठी बहीण यांची! जिलेबी संपलेली, सोलकढी गार, मसालेभात तळाचा. नवीन पैठणीवर पदर खोचून दिवसभर वाढलेलं असतं आणि फोटोत एकही चेहरा नीट आलेला नसतो. म्हणून 'घरातली प्रत्येक बाई दुसऱ्या पंगतीच्या आत जेवेल' हेही एक उद्दिष्ट लिहा. हसू नका! उद्दिष्ट असं छोटं आणि मोजता येणारंच असावं. हे ठरलं, की मग वाढायला पुरुष मंडळी लागतात, कामं वाटावी लागतात आणि आपोआप सगळं लग्नच जरा वेगळ्या पद्धतीने आखलं जातं.

मुदतीचं म्हणाल, तर तारखेपासून उलटं मोजत यावं. आमच्या कोकणात तर हे फार गरजेचं. मे महिन्यात कितीतरी वाड्यांतल्या विहिरी तळाला जातात, म्हणून पाण्याच्या टँकरची सोय आधीच बोलून ठेवावी लागते. ज्यांची बाग आहे, त्यांच्या घरात आंबा काढणी आणि लग्न एकदम आलं, तर घरातल्या माणसांचे हाल होतात. मुंबईच्या पाहुण्यांची गाडीची तिकिटं हा तर स्वतंत्र अध्याय! १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे आमंत्रण त्याच्या आधी पोहोचायला हवं. नाहीतर चाकरमान्यांनी खासगी बसला दामदुप्पट मोजायचे आणि मग 'लग्नाला बोलावलं की संकटात पाडलं' असं म्हणत यायचं. मुलीची परीक्षा असेल तर तारीख परीक्षेनंतरची, हे मात्र उद्दिष्टांत पहिल्या ओळीत लिहा. मुहूर्त पुन्हा मिळतो, बुडालेलं वर्ष मिळत नाही.

शेवटची मुदत लग्नानंतरची आहे आणि ती सगळे विसरतात. लग्नाची नोंदणी! महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत हे काम होतं. पासपोर्टपासून ते पतीच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनपर्यंत हा कागद बाईच्या उपयोगी पडतो. हजारभर फोटोंचा अल्बम कपाटात असतो आणि हा एक कागद नसतो, अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत. मात्र नोंदणी केली म्हणजे झालं, असंही नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न आवश्यक विधींशिवाय, नुसत्या दाखल्याने होत नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं, की लग्न म्हणजे नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा सोहळा नव्हे, की देवाणघेवाणीचा व्यवहारही नव्हे. ज्यांना विधीच नको आहेत त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तिथे मात्र तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, तेव्हा तीही मुदत आपल्या हिशेबात धरायला हवी.

मैत्रिणींनो, एवढं सगळं वाचून 'लग्न आहे की सरकारी योजना' असं वाटलं असेल. तसं नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात हे अगदी सहज झालं. मुलगी, मुलगा आणि दोन्हीकडच्या आया एका संध्याकाळी चहा घेत बसल्या. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, जिथे दुधाचा हिशेब असतो तिथे, त्यांनी पाच ओळी लिहिल्या. कर्ज काढायचं नाही. पानं अडीचशेच्या वर जाणार नाहीत. खर्च दोघांत निम्मा. मुलीची नोकरी सुरू राहणार. आणि मांडवपरतणीच्या आठवड्यातच नोंदणी करायची. मामांनी नाक मुरडलं, एक आत्या रुसली, दोन दिवसांनी हसली. पुढे जेव्हा जेव्हा 'आणखी हेही करूया' असं कोणी म्हणालं, तेव्हा ते पान भिंतीवर होतंच. वाद घालायची गरजच उरली नाही. लग्नानंतर त्या दोन्ही विहिणी एकमेकींशी अजून गोड बोलतात. लग्नाच्या यशाचं याहून मोठं माप कोणतं?

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. यंदा तुमच्या घरी कार्य असेल, तर वही उघडाच. पण पहिल्या पानावर साड्यांची यादी लिहू नका. पहिलं पान उद्दिष्टांसाठी ठेवा. चार-पाच ओळी पुरेत. प्रत्येक ओळीत आकडा असू दे, तारीख असू दे. त्या ओळी मुलीने स्वतःच्या हाताने लिहू देत आणि खाली दोन्ही घरच्या आयांच्या सह्या असू देत. मग खुशाल पान उलटा आणि लिहा शालू, पैठण्या, रुखवतातली खोबऱ्याची वड्यांची नक्षी, सगळं लिहा. पहिलं पान भरलेलं असलं, की मागच्या पानांवरची हौस आपोआप बेताची होते आणि खरीही होते.